डॉक्टरला कोणी मारलं?

'द लास्ट ऑफ अस' पाहिलेली चार मुलं कुठेही एकत्र बसवा, बोलणं फिरून फिरून एकाच खोलीपाशी येतं. सॉल्ट लेक सिटीतलं एक पडकं इस्पितळ, त्यातली शस्त्रक्रियेची खोली, टेबलावर बेशुद्ध पडलेली चौदा वर्षांची एली, तिच्यापाशी उभा असलेला डॉक्टर आणि दार ढकलून आत आलेला जोएल. जोएल डॉक्टरला ठार मारतो आणि मुलीला उचलून घेऊन जातो. त्याने केलं ते बरोबर की चूक?

राऊमध्ये हा वाद माझ्या कानांवर इतक्या वेळा पडला आहे की दोन्ही बाजूंचे मुद्दे मला पाठ झाले आहेत. महूच्या वाटेवरचं इंदूरचं हे टोक आता विद्यार्थ्यांचं झालं आहे. वर टेकडीवर आयआयएम, खाली पिगडंबरला मेडिकॅप्स विद्यापीठ आणि मधल्या वसाहतींत भाड्याच्या खोल्या. कोणी बुऱ्हाणपूरचा, कोणी नागपूरचा, कोणी थेट इंदूरच्या रामबागेतल्या चार पिढ्यांच्या मराठी घरातला. माझा भाचा यांच्यातलाच. त्याची मित्रमंडळी आमच्या ओसरीवर जमली की वाक्य मराठीत सुरू होतं, मध्येच 'भिया' येतो आणि शेवट हिंदीत होतो. वाद मात्र शिस्तीत चालतो.

बराच काळ मला वाटत होतं की इथे दोन तट आहेत, एक जोएलच्या बाजूचा आणि एक विरुद्ध. नीट ऐकल्यावर दिसलं की खरी फूट वेगळ्याच ठिकाणी आहे. ज्यांनी फक्त मालिका पाहिली, ते जोएलचा न्यायनिवाडा करतात. ज्यांनी आधी खेळ खेळला, ते साक्ष दिल्यासारखे बोलतात, किंवा बचावाचे वकील असल्यासारखे. जोएलला खुनी म्हटलं की पाहिलेला मुलगा खांदे उडवतो. खेळलेल्याचा चेहरा उतरतो. एकदा भाच्याला मी म्हणालो, "अरे, एवढं काय लावून घेतोस? गोष्टच आहे ना?" तो म्हणाला, "मामा, तू फक्त पाहिलंयस." पुढे काही बोलला नाही. त्याच्या त्या अर्धवट वाक्यात काय होतं, ते उलगडून पाहावं असं तेव्हापासून मनात आहे.

गोष्ट माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. मुंगीच्या शरीरात शिरून तिला आपल्या सोयीच्या जागी चालत जायला लावणारी बुरशी जगात खरोखर आहे. ती माणसाला लागली तर काय होईल, या कल्पनेवर नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीने जून २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ साठी हा खेळ आणला. कथा नील ड्रकमनची. साथीच्या पहिल्या रात्री जोएलची मुलगी सारा एका सैनिकाच्या गोळीने मरते. वीस वर्षांनी, जगाचे अवशेष उरलेले असताना, एली नावाची मुलगी बॉस्टनहून देशाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचवायचं काम त्याच्याकडे येतं. एलीला त्या बुरशीची बाधा होत नाही, तेव्हा तिच्यापासून औषध बनवता येईल अशी आशा आहे. वाटेत दोघांमध्ये बाप-लेकीचं नातं तयार होतं. इस्पितळात पोहोचल्यावर कळतं की औषधासाठी तिचा मेंदू उघडावा लागेल आणि ती मरेल. तिला कोणी विचारलेलंही नाही. मग जोएल जे करतो ते वर सांगितलंच. नंतर शुद्धीवर आलेल्या एलीला तो खोटं सांगतो आणि तेच खरं असल्याची शपथ घेतो.

एचबीओवर ही मालिका १५ जानेवारी २०२३ पासून आली. 'चेर्नोबिल' लिहिणारा क्रेग मेझिन आणि स्वतः ड्रकमन या दोघांनी ती उभी केली, जोएल झाला पेद्रो पास्कल आणि एली झाली बेला रॅम्सी. खेळात बुरशी हवेतल्या बीजाणूंमधून पसरते, मालिकेत तसं नाही. तिथे बोट जकार्ताच्या पिठाच्या कारखान्याकडे दाखवलेलं आहे. पहिल्या भागात जोएलच्या घरी पॅनकेक राहून जातात आणि वाढदिवसाचा केक आणायला तो विसरतो, म्हणून ते कुटुंब वाचलं, हे चाणाक्ष प्रेक्षकांनी लगेच हेरलं. आमच्या ओसरीवर यावरून निष्कर्ष निघाला की पोहे खाणारं इंदूर पहिल्या दिवशी तगेल, पण पोह्यांबरोबर जिलबी घेणारा सकाळी दहाच्या आत गेला.

आता त्या खोलीकडे वळू. खेळात तिथे काय होतं? जोएल दारातून आत येतो. डॉक्टर हातात शस्त्रक्रियेची सुरी धरून त्याला अडवतो. बाजूला दोन परिचारिका आहेत. इथपर्यंत जोएलला चालवत आणलेलं असतं ते खेळणाऱ्याने, दहा-पंधरा तास, अंगठ्यांनी. लपवलंय त्यानेच, गोळ्या वाचवल्यात त्यानेच, एलीला शिडी धरून दिली तीही त्यानेच. आता पुढे जायचं तर डॉक्टरला मारावं लागतं. दुसरा रस्ता नाही. परिचारिकांना हात न लावता जाता येतं, डॉक्टरला वगळून नाही. आणि ते कोणी तरी परस्पर करून टाकत नाही. तुम्ही बंदूक रोखायची, किंवा पुढे पाऊल टाकायचं. नाही टाकलंत तर जगातली सगळ्यात मोठी कथा त्या खोलीत ताटकळत उभी राहते.

मालिकेत तोच प्रसंग पहिल्या हंगामाच्या नवव्या, शेवटच्या भागात आहे. तिथे दिग्दर्शकाने फार शहाणपणाची गोष्ट केली आहे. इस्पितळातल्या गोळीबाराचा आवाज दाबून टाकला आहे, वर एक उदास संगीत चालू आहे आणि जोएल झोपेत चालल्यासारखा माणसं मारत जातो. आपण शोकयात्रा पाहावी तसं ते पाहतो. डॉक्टर एका गोळीत पडतो, निमिषात. आपल्याला थांबायची मुभा नाही आणि पुढे जायची जबाबदारीही नाही. सोफ्यावर बसून आपण ठरवतो ते इतकंच की हे आपल्याला पटलं की नाही.

राऊहून मुंबईच्या दिशेने निघालं की महूच्या पुढे मानपूरचा घाट लागतो. मोटरसायकलवर मागे बसून तो घाट शंभरदा उतरलेल्या माणसाला दरी पाठ असते, पावसाळ्यात पाणी कुठून पडतं, माकडं कुठे बसतात, सगळं. एकदाच, पण स्वतः चालवत उतरलेल्याला दरी दिसलेलीच नसते. त्याला विचाराल तर तो वळणं सांगेल, तीही हातांनी, हवेत हँडल धरून. दोघेही एकाच घाटाविषयी बोलताहेत आणि दोघांचंही खरं आहे. फरक इतकाच की समोरून ट्रक आला तेव्हा ब्रेक दाबला की नाही, हा प्रश्न दोघांपैकी एकालाच विचारता येतो. भाचा ज्याला 'फक्त पाहणं' म्हणाला ते हे मागे बसणं आहे. त्यात कमीपणा नाही. दरी पाहायला मागेच बसावं लागतं. पण जोएलविषयीचा वाद मिटत नाही याचं कारण मला इथे दिसतं. एका बाजूला केलेल्या गोष्टीची आठवण आहे, दुसऱ्या बाजूला पाहिलेल्या गोष्टीविषयीचं मत आहे, आणि ही दोन एकमेकांना खोडू शकत नाहीत.

इथे शंका येते, आणि ती रास्त आहे. आमच्या मंडळीतली एक मुलगी ती नेहमी काढते. ती म्हणते, खेळणाऱ्याला निवड होतीच कुठे? दुसरा रस्ता नव्हता असं तुम्हीच सांगता. मग ज्याच्यापुढे एकच दार आहे, त्या दारातून गेल्याचं पाप त्याच्या माथी कसं? कर्ता ड्रकमन, खेळणारा निमित्त. आपल्या परंपरेत या युक्तिवादाचं वजन मोठं आहे. कुरुक्षेत्रावर मरणारे आधीच मेलेले आहेत, तू फक्त बाण सोड, असं सांगून अर्जुनाला उठवलं गेलं.

पण त्या गोष्टीतही बाण अर्जुनालाच सोडावे लागले. आधीच मेलेल्यांवर बाण कशाला हवेत, असं म्हणून त्याला रथात बसून राहता आलं नाही. निवड नसणं आणि कर्तेपण नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण आयुष्यात जे करतो त्यातलं कितीसं निवडून करतो? हातून घडलेल्या गोष्टीचा डाग निवडीच्या प्रमाणात पडत नाही, हे प्रत्येकाला ठाऊक असतं. हा खेळ लिहिणाऱ्यांनाही ते नेमकं ठाऊक होतं असं मला वाटतं, कारण खेळणाऱ्याचा हात ते फार विचार करून एकाकडून दुसऱ्याकडे देतात. सुरुवात आठवा. खेळ सुरू होतो तेव्हा आपण जोएल नसतोच, आपण सारा असतो. रात्री जाग येऊन अंधाऱ्या घरात बाबांना शोधणारी मुलगी आपल्या अंगठ्याने चालते. तिचा पाय दुखावतो तेव्हा सूत्रं जोएलकडे येतात, आणि थोड्या वेळात ती मरते. म्हणजे ज्या मुलीचं दुःख जोएल पुढे वीस वर्षं वाहणार, ती मुलगी काही मिनिटं आपण होतो.

आणि शेवट तर याहून धारदार आहे. इस्पितळातून सुटल्यावर, जॅक्सनच्या वस्तीकडे चालत जाताना, शेवटच्या तुकड्यात खेळणाऱ्याच्या हाती जोएल राहत नाही. हाती एली येते. जोएल पुढे चालतोय, आपण त्याच्या मागून एलीला चालवतोय, आणि मग तो वळून आपल्याला खोटं सांगतो. ज्या हाताने डॉक्टरला मारलं त्याच हाताला आता फसवलं जातंय. एका संध्याकाळी, एकाच खुर्चीत बसून, गुन्हा आणि फसवणूक दोन्ही वाट्याला येतात. मालिकेला हे करताच येत नाही. कॅमेरा एलीच्या चेहऱ्यावर कितीही वेळ थांबला, आणि बेला रॅम्सीच्या चेहऱ्यावर तो थांबतो तेव्हा फार काही दिसतं हे खरं, तरी आपण तिच्याकडे पाहतच असतो.

निवड खरोखर असती तर काय झालं असतं, याचं उत्तर दुसऱ्या एका मालिकेने देऊन ठेवलं आहे. 'फॉलआउट' हा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेचा खेळ १९९७ पासून चालू आहे. त्यात कोणाला वाचवायचं, कोणाला विकायचं, कोणती वस्ती उजाड करायची हे खेळणाराच ठरवतो. २०१० च्या 'न्यू व्हेगस' या भागात तर शहर शेवटी कोणाच्या ताब्यात जाणार याचे चार मोठे शेवट आहेत. एप्रिल २०२४ मध्ये ॲमेझॉनवर 'फॉलआउट'ची मालिका आली तेव्हा बनवणाऱ्यांनी कोणताही एक खेळ पडद्यावर आणला नाही. काळ पुढे नेला, २२९६ साल धरलं, नवी माणसं आणली. माझ्या मते दुसरं काही शक्यच नव्हतं. राऊतल्या एका खोलीत दोन मुलं राहतात आणि दोघांची न्यू व्हेगस वेगळी आहे. एकाने शहर एका सैन्याला दिलं, दुसऱ्याने दुसऱ्याला. यातलं खरं कोणाचं? कोणताही एक शेवट पडद्यावर आणला असता, तर बाकीच्या सगळ्यांच्या हातांनी केलेलं रद्द झालं असतं. तरीही पहिल्या हंगामात एका फळ्यावर खडूने लिहिलेल्या २२७७ या सालावरून जुने खेळाडू खवळलेच, कारण त्या सालाने 'न्यू व्हेगस'मधल्या त्यांच्या करणीला धक्का लागतो असं त्यांना वाटलं. बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. मलाही आधी वाटला. पण घर बांधून दिलेल्या गवंड्याला त्याचं घर नकाशात नाही असं सांगितलं, तर तोही खवळेलच.

आता एक तिसरी जात. आपल्याकडे प्लेस्टेशन घेऊन खेळणारी घरं किती? राऊच्या खोल्यांमध्ये तर बोटांवर मोजण्याइतकी. इथल्या बहुतेक मुलांनी २०२३ च्या आधी हा खेळ 'खेळला' तो दुसऱ्याला खेळताना पाहून. कोणी तरी यूट्यूबवर खेळतो, बोलत राहतो, घाबरतो, रडतो, आणि आपण मोबाइलवर ते पाहतो. मुंबईचा मिथिलेश पाटणकर 'मिथपॅट' या नावाने असेच खेळ हिंदीत खेळून दाखवतो आणि त्याचे प्रेक्षक लाखांनी मोजावे लागतात. ही मुलं पाहणाऱ्यांत धरायची की खेळणाऱ्यांत? मी त्यांच्याकडे बारकाईने लक्ष दिलं. ती जोएलविषयी बोलत नाहीत आणि स्वतःविषयीही बोलत नाहीत. ती त्या खेळून दाखवणाऱ्याविषयी बोलतात. तो डॉक्टरसमोर किती वेळ थांबला, काय पुटपुटला, त्याने परिचारिकांना सोडलं की नाही. म्हणजे त्यांनी जोएलला पाहिलंच नाही. त्यांनी जोएल झालेल्या माणसाला पाहिलं. कर्तेपण त्यांच्याकडे आलं नाही, पण कर्त्याची घालमेल आली. कीर्तन ऐकणाऱ्याला हे नवं नाही. कथा सगळ्यांना माहीत असते, लक्ष असतं ते बुवा कुठे अडखळतात, कुठे डोळे पुसतात याच्याकडे.

मग एक गमतीदार उलथापालथ झाली. मालिकेचा पहिला हंगाम आपल्याकडे डिस्ने हॉटस्टारवर दिसला. शेवटचा भाग सोमवारी, १३ मार्च २०२३ ला आला. २८ मार्चला हा खेळ पहिल्यांदा संगणकावर आला आणि ३१ मार्चला एचबीओचे सगळे कार्यक्रम हॉटस्टारवरून गेले. पाहायची सोय संपता संपता खेळायची सोय झाली. संगणकावरचा तो खेळ सुरुवातीला इतका अडखळत होता की कंपनीला दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या पाठवाव्या लागल्या, पण मुलांना धीर असतो. यातल्या पुष्कळांनी आधी पाहिलं आणि मग केलं. आता रहस्य काही उरलं नव्हतं. डॉक्टर मरणार, मुलगी वाचणार, जोएल खोटं बोलणार, सगळं ठाऊक. माझी अटकळ अशी होती की ही मुलं त्या खोलीतून झरझर निघून जातील. झालं उलटं. मालिका पाहून जोएलला बेधडक दोषी ठरवणारा आमचा बुऱ्हाणपूरकर खेळ संपवून आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. त्याने मत बदललं नव्हतं. अजूनही जोएल चुकला असंच तो म्हणतो. फक्त आता ते तो बोट दाखवून म्हणत नाही. ठाऊक असूनही करावं लागणं हे ठाऊक नसताना करण्यापेक्षा जड गेलं, असं त्याच्या बोलण्यातून मला समजलं.

इतकं वाचून कोणाला वाटेल की मी खेळाला वर आणि मालिकेला खाली बसवतोय. तसं नाही, आणि मालिकेच्या तिसऱ्या भागाचं नाव काढलं की खेळलेली मुलंही ते मान्य करतात. खेळात बिल नावाचा एक तिरसट एकटा माणूस आहे. त्याचा जोडीदार फ्रँक आपल्याला दिसतो तो गळफास घेतलेला, आणि मागे बिलविषयी कडवट चिठ्ठी ठेवून गेलेला. मालिकेने ही गोष्ट उचलली आणि तिचा अख्खा एक भाग केला. निक ऑफरमनचा बिल आणि मरी बार्टलेटचा फ्रँक, कुंपणाच्या आतलं एक गाव, वर्षानुवर्षांचा संसार, एका बंदुकीच्या बदल्यात चोरून मिळवलेलं स्ट्रॉबेरीचं बी आणि त्या स्ट्रॉबेरी खाताना दोघांना आलेलं हसू. जोएल यात जवळजवळ नाहीच. हे खेळात का नव्हतं? कारण तिथे खेळणाऱ्याला करण्यासारखं काही नाही. दोन माणसं म्हातारी होताहेत, त्यात तुम्ही कोणतं बटण दाबणार? ज्यांना आपली गरज नाही अशा माणसांकडे नुसतं पाहत राहता येणं हे फक्त पाहणाऱ्याला मिळतं. खेळणारा सतत उपयोगाच्या शोधात असतो, या कपाटात गोळ्या आहेत का, या दाराची किल्ली कुठे. बिलच्या घरात शिरलेल्या खेळाडूने तिथलं कपाट उघडलं असतं. आपण त्या घरात काहीही न उचलता तासभर बसलो.

पाहणाऱ्याला मिळणारं आणखी एक छोटं सुख आहे, पण ते दोन्ही केलेल्यालाच कळतं. शेवटच्या भागाच्या सुरुवातीला एलीची आई ॲना एलीला जन्म देते आणि मरते. ती भूमिका केली आहे ॲश्ली जॉन्सनने, जी खेळात एली होती. पंधरा तास जिचा आवाज एलीचा म्हणून कानात बसला, तीच आता एलीला जन्म देते आहे. भाच्याने तो प्रसंग थांबवून मला हे सांगितलं. मी एरवी अशा माहितीला भीक घालत नाही, पण तेव्हा गप्प बसलो.

आता सगळ्यात कठीण गोष्टीकडे येतो. खेळाचा दुसरा भाग १९ जून २०२० ला आला, टाळेबंदीच्या दिवसांत. त्यात ॲबी नावाची मुलगी जोएलला गोल्फच्या काठीने ठार मारते. का मारते ते फार उशिरा कळतं. तो डॉक्टर तिचा बाप होता. एली सूडाला निघते आणि खेळणारा तिच्याबरोबर सिॲटलभर माणसं मारत जातो. तिथे नोरा नावाच्या एका बाईकडून माहिती काढायची असते. पडद्यावर बटणाचं चिन्ह येतं. दाबलं की एली मारते. पुन्हा चिन्ह. पुन्हा दाबा. बघणाऱ्याला वाटेल एकदा दाखवून पुरलं असतं. लिहिणाऱ्यांना ते पुरेसं वाटलं नाही, कारण दुसऱ्यांदा बटण दाबताना खेळणाऱ्याला आपला अंगठा जाणवावा अशी त्यांची इच्छा होती. आणि मग निम्म्यावर खेळ उलटतो. एली हातातून काढून घेतात आणि ॲबी हाती देतात. जिच्यावर आपण इतका वेळ दात ओठ खात होतो, तिला जेवू घालायचं, वाचवायचं, जवळजवळ अर्धा खेळ.

पुष्कळांना हे सहन झालं नाही. ॲबीला आवाज आणि हालचाली देणाऱ्या लॉरा बेली या अभिनेत्रीला ठार मारण्याच्या धमक्या आल्या. आपल्याकडे निळू फुल्यांना गावोगावच्या बायका शिव्या देत, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, आणि वरवर पाहता दोन्हींत साम्य आहे. पण निळू फुल्यांना शिव्या देणाऱ्या बाईला पडद्यावरच्या पाटलाचे हात कधी स्वतःचे करावे लागले नव्हते. तिचा राग स्वच्छ होता. लॉरा बेलीवर तुटून पडलेल्यांच्या रागात एक जास्तीची आग होती. ज्या जोएलला त्यांनी वर्षानुवर्षं हातांनी चालवलं तो मारला गेला, आणि मग मारणाऱ्या बाईचेच हात त्यांना बनवलं. स्वतःवरचा राग माणूस कोणावर तरी काढतोच. धमक्यांना यात कसलीही माफी नाही. राग कुठून आला तेवढंच सांगतोय.

मालिकेच्या दुसऱ्या हंगामात, २० एप्रिल २०२५ च्या दुसऱ्या भागात, जोएल मेला. आमच्या ओसरीवर त्या सोमवारी मालिकावाले सुन्न होते आणि खेळवाले त्यांच्याकडे दोन वर्षांपासून गुपित सांभाळलेल्या वडीलधाऱ्यांसारखे पाहत होते. कोणी एका शब्दानेही फोडलं नव्हतं, हे मला विशेष वाटलं. पण मालिकेने एक बदल केला होता. ॲबी कोणाची मुलगी आणि का आली आहे, हे तिने हंगामाच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं. खेळवाल्यांची तक्रार होती की त्यामुळे धक्का गेला. मला वाटतं बनवणाऱ्यांपुढे इलाज नव्हता. खेळात माहिती दडवून चालतं, कारण हात गुंतलेला असतो आणि द्वेष हातात साठतो, मग उलगडा झाला की तो हातच जड होतो. पाहणाऱ्याचा हात रिकामा आहे. त्याला आधी कारण द्यावं लागतं, नाही तर त्याच्या लेखी ॲबी निव्वळ खलनायिका ठरते आणि तो उठून चहा करायला जातो.

साथीच्या गोष्टींचा विषय निघालाच आहे तर इंदूरची एक खरी गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पाहणाऱ्यांना करायला लावण्याचा प्रयोग या शहराने शंभर वर्षांपूर्वी पाहिला आहे. प्लेगने इंदूर पुन्हा पुन्हा गांजलं होतं. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावलं. त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये छापला गेला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती मिरवणूक. गेडिसला एका दिवसापुरते राजाचे अधिकार मिळाले. त्याने दवंडी पिटवली की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या रस्त्याने जाणार नाही. ज्या आळीतली घरं सर्वांत जास्त झाडलोट करून डागडुजी केलेली असतील, त्या आळीतून जाईल. शहरात चुरस लागली. गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या भल्यामोठ्या उंदराची आकृती होती, आणि शहर झाडणारे मेहतर नवे कपडे घालून, माळा घातलेल्या झाडूंसह मानाने चालत होते.

मला यात आवडतं ते गेडिसचं माणसांविषयीचं ज्ञान. लोकांना मिरवणूक पाहायची असते, हे त्याने नाकारलं नाही. उपदेशही केला नाही. पाहायचं असेल तर आधी झाडू हातात घ्या, इतकीच अट घातली. ज्याने आपली आळी झाडली त्याला ती मिरवणूक वेगळी दिसली असणार. उंदीर त्याच्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आलेला त्याने पाहिला होता आणि तो त्यानेच बाहेर काढला होता. बाजूच्या आळीतून पाहुणा म्हणून आलेल्याला तोच उंदीर कागद-बांबूचा, गमतीचा. एकाच मिरवणुकीच्या दुतर्फा उभे राहिलेले हे दोघे मला ओसरीवरच्या मुलांमध्ये रोज दिसतात.

हा फरक मोठा आहे असं ज्यांना वाटत नाही, त्यांच्यासाठी पुढची परीक्षा लांब नाही. दुसरा हंगाम आला त्याच्या दहा दिवस आधी, ३ एप्रिल २०२५ ला, खेळाचा दुसरा भागही संगणकावर आला. आता इथली मुलं ॲबीच्या हातांनी सिॲटल पार करून बसली आहेत. मालिकेचा तिसरा हंगाम याच ॲबीचा असणार. खेळात जे अर्ध्यावर हात बदलून साधलं, ते मालिकेला अख्खा हंगाम नायिका बदलून साधायचं आहे, आणि तेही बटणाशिवाय. त्यातच जुलै २०२५ मध्ये ड्रकमनने मालिकेच्या कामातून अंग काढून घेतलं आणि तो पुन्हा खेळांकडे गेला. ज्याला हाताचं शास्त्र कळतं तो गेला, ज्याला डोळ्याचं कळतं तो मेझिन राहिला. भाच्याच्या मते हे वाईट झालं. मी त्याच्याशी पैज लावली आहे. बिल आणि फ्रँकचा भाग मेझिनने लिहिला होता, आणि ॲबीकडे आपण तसंच काहीही न उचलता तासभर पाहत राहावं असं त्याने केलं, तर ओसरीवरच्या खेळवाल्यांनी सगळ्यांना पोहे-जिलबी द्यायची. नाही जमलं तर मी.